‘सावर ग्रेप्स’ नेमकं कधी म्हणायचं? द्राक्षांच्या नाशकातल्या नवशिक्यांसाठी

नाशिककराला द्राक्षाची चव शिकवावी लागत नाही. तरीही ‘सावर ग्रेप्स’ हा इंग्रजी वाक्प्रचार बोलताना इथलीच मंडळी हमखास अडखळतात. मराठीत ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण लहानपणापासून कानावर असते. त्यामुळे इंग्रजीतलाही अर्थ माहीत आहे असं गृहीत धरलं जातं आणि शब्दकोश कुणी उघडत नाही. अर्थ खरंच तोच आहे. घोळ होतो तो वाक्यात बसवताना, उच्चारताना, आणि मुख्य म्हणजे कुणाला कधी म्हणायचं हे ठरवताना.

मराठी माध्यमातून शिकून सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, एखाद्या आयटी ऑफिसात किंवा वाइनरीत पाहुण्यांना बाग दाखवण्याच्या कामावर नुकत्याच लागलेल्यांसाठी हा लेख आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

काय काय लागेल

- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, म्हणजे ज्यात उदाहरणादाखल वाक्यं दिलेली असतात तो. नुसता इंग्रजी-मराठी कोश इथे पुरणार नाही, कारण तो अर्थ देतो, रचना देत नाही.
- एक वही.
- मोबाइलमधलं आवाज रेकॉर्ड करण्याचं ॲप.
- आठवडाभर रोज १५-२० मिनिटं.

१. आधी गोष्ट नीट आठवा

इसापाच्या गोष्टीतला कोल्हा भुकेला आहे. वर द्राक्षांचा घड लोंबतोय. तो उड्या मारतो, घड हाती लागत नाही, आणि जाताना तो म्हणतो, ‘आंबटच असतील.’ आपल्याकडे मांडवाच्या बागेत घड माणसाच्या डोक्याच्या उंचीला लोंबतात. त्याखाली उभं राहिलं की कोल्ह्याची अडचण लगेच कळते.

मूळ ग्रीक गोष्टीतला शब्द ‘कच्ची द्राक्षं’ असा आहे. पहिल्या शतकात फीड्रस या रोमन कवीने ही गोष्ट लॅटिन पद्यात आणली. तिथेही कोल्हा म्हणतो की ती अजून पिकलेली नाहीत, आंबट मला नकोत. इंग्रजीत इसापाच्या गोष्टी विल्यम कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने १४८४ साली छापल्या. ‘कच्ची’चं ‘आंबट’ होत गेलं आणि तोच शब्द इंग्रजीत रुळला.

गोष्टीतला एक तपशील पक्का धरून ठेवा: कोल्ह्याने एकही मणी चाखलेला नाही. पुढचं सगळं यावर उभं आहे.

२. तीन अटी तपासा

‘सावर ग्रेप्स’ म्हणण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

अ) त्या माणसाला ती गोष्ट खरोखर हवी होती का?
आ) ती त्याला मिळाली नाही, हे नक्की का?
इ) आता तो त्याच गोष्टीला नावं ठेवतोय का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच हा वाक्प्रचार वापरा. एकही ‘नाही’ आलं तर दुसरा शब्द शोधा.

समजा, कॉलेज रोडला राहणाऱ्या एका मुलाने पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजसाठी प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्यांत पहिली पसंती भरली. नंबर लागला नाही. आता तो म्हणतो, “पुण्यात काय ठेवलंय? नुसतं ट्रॅफिक. नाहीतरी मला जायचंच नव्हतं.” तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. हे सावर ग्रेप्स.

आता शेजाऱ्याने नवी गाडी घेतली. तुमच्या ओळखीतले एक काका म्हणतात, “भपका आहे नुसता.” काकांना गाडी हवी होती का? त्यांनी कधी प्रयत्न केला होता का? तसं काही नसेल तर हा फार तर मत्सर आहे, किंवा काकांचं प्रामाणिक मत. सावर ग्रेप्स नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: मत्सर दिसला की लोक द्राक्षं आणतात. मत्सरात दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवंसं वाटतं. सावर ग्रेप्समध्ये आपल्याला नको होतंच असा आव आणलेला असतो.

तिसरं उदाहरण जरा बारकाईने बघा. दिंडोरीजवळच्या बागेत शेतकरी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, घेऊन उभा आहे. मणी चिरडून रसाचे दोन थेंब काचेवर टाकतो, झाकण मिटतो, उजेडाकडे धरतो आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे आली ते वाचतो. आकडा १२ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). “आंबट आहे, अजून थांबायला लागेल,” तो म्हणतो. शब्द कोल्ह्याचेच आहेत, पण हे मोजून सांगितलेलं मत आहे. शिवाय माल त्याचाच आहे, हातातून गेलेला नाही. द्राक्ष आंब्यासारखं अढीत घालून पिकत नाही. वेलीवरून काढलं की त्याची गोडी वाढत नाही, त्यामुळे थांबण्याला कारणही आहे. थोडक्यात, द्राक्षं आंबट आहेत की नाहीत हा प्रश्नच नसतो. ती आंबट आहेत हे कशावरून ठरवलं, हा प्रश्न असतो.

माणूस असं का बोलतो? एखादी गोष्ट हवीही असते आणि मिळतही नाही, ही ओढाताण मनाला सहन होत नाही. मग गोष्टीची किंमत कमी करून मन मोकळं होतं. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मनातल्या अशा विसंगतीचा सिद्धान्त मांडला. तो समजावताना कोल्ह्याची गोष्ट आजही सांगितली जाते. म्हणून सावर ग्रेप्स म्हणजे मुद्दाम केलेला खोटेपणा असं समजू नका. बऱ्याचदा बोलणाऱ्यालाही ते कळलेलं नसतं.

३. उच्चार बसवा

इंग्रजीत तासाला जो शब्द आहे, ‘आवर’, त्याच्याशी हा शब्द यमक जुळवतो. पुढे ‘स’ लावला की ‘सावर’. मराठीत ‘आवरसावर’ हा शब्द आहेच. आवर म्हणजे तास, सावर म्हणजे आंबट, एवढं ध्यानात ठेवलं की विसरत नाही.

आपल्याकडे बरेच जण ‘सोअर’ किंवा ‘सॉर’ म्हणतात. ‘सोअर’ हा वेगळाच शब्द आहे. त्याचा अर्थ दुखरा, ठणकणारा. तो ‘डोअर’शी यमक जुळवतो. ‘सोअर ग्रेप्स’ म्हटलंत तर ऐकणारा अंदाजाने समजून घेईल, पण लिहिताना स्पेलिंगही तसंच जाईल आणि तिथे ते चूकच.

‘ग्रेप्स’च्या शेवटी प आणि स जोडून म्हणायचे, मध्ये स्वर नको. ‘ग्रेपस’ नाही, ‘ग्रेप्झ’ही नाही. पाच वेळा रेकॉर्ड करा आणि शब्दकोशातल्या आवाजाशी ताडून बघा.

४. वाक्यात बसवा

ही पायरी सावकाश करा. मराठीत आपण ‘त्याला द्राक्षे आंबट’ असं म्हणतो, म्हणजे माणूस पुढे आणि द्राक्षं मागे. इंग्रजीत तसं होत नाही. तिथे माणसाच्या बोलण्याला सावर ग्रेप्स म्हणतात, माणसाला नाही.

चालणाऱ्या रचना अशा. या वहीत उतरवून घ्या:

- इट्स जस्ट सावर ग्रेप्स.
- दॅट साउंड्स लाइक सावर ग्रेप्स.
- हिज क्रिटिसिझम इज नथिंग बट सावर ग्रेप्स.
- इट वॉज प्युअर सावर ग्रेप्स ऑन हर पार्ट.
- दे डिसमिस्ड द कम्प्लेंट ॲज सावर ग्रेप्स.
- आय होप धिस डझन्ट साउंड लाइक सावर ग्रेप्स, बट…

आता चुकीच्या रचना आणि त्या का चुकतात ते.

‘ही इज सावर ग्रेप्स’: माणूस द्राक्ष होत नाही. ‘दॅट्स सावर ग्रेप्स’ म्हणा.

‘इट इज अ सावर ग्रेप’: हा वाक्प्रचार कायम अनेकवचनीच असतो आणि त्याच्यापुढे ‘अ’ लागत नाही. ‘अ केस ऑफ सावर ग्रेप्स’ मात्र बरोबर आहे, कारण तिथला ‘अ’ हा ‘केस’चा आहे.

‘हिज कॉमेंट आर सावर ग्रेप्स’: क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, द्राक्षांप्रमाणे नाही. कॉमेंट एक आहे, म्हणून ‘इज’. ‘हिज कॉमेंट्स वर सावर ग्रेप्स’ हेही बरोबर, कारण आता कर्ताच अनेकवचनी झाला.

‘फॉर हिम, ग्रेप्स आर सावर’: हे मराठी म्हणीचं जसंच्या तसं भाषांतर. भारतातल्या इंग्रजीत ‘द ग्रेप्स आर सावर’ असं सर्रास म्हटलं जातं आणि इथल्या माणसाला ते कळतंही. पण लंडनच्या ग्राहकाशी कॉलवर असाल तर तो तुम्ही खरोखरच्या द्राक्षांबद्दल बोलताय असं समजू शकतो, विशेषतः कॉल नाशिकहून असेल तर. दोन शब्दांचा क्रम बदलू नका: आधी सावर, मग ग्रेप्स, आणि पुढे ‘द’ नाही.

विशेषणासारखं वापरायचं असेल तर ‘अ सावर-ग्रेप्स ॲटिट्यूड’ असं जोडरेघ देऊन लिहितात.

५. शेजारचे वाक्प्रचार वेगळे ठेवा

‘सोअर लूजर’ म्हणजे हरल्यावर चिडणारा, रडीचा डाव खेळणारा. तो खेळाला कमी लेखत नाही. पंचाला, नियमाला, नशिबाला दोष देतो. उच्चार जवळचा असल्याने ही जोडी सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. शिवाय ‘सोअर लूजर’ माणसालाच म्हणतात, सावर ग्रेप्स बोलण्याला.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे सावर ग्रेप्स नव्हे. तिथे दोष साधनाला दिला जातो. त्यासाठी इंग्रजीत ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ ही म्हण आहे. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळून शून्यावर बाद झालेला “पीच खराब होतं” म्हणाला तर अंगण वाकडं. “क्रिकेटमध्ये काही दम नाही” म्हणाला तर द्राक्षं आंबट.

‘ग्रीन विद एन्व्ही’ म्हणजे मत्सराने जळफळणं. वर आलंच आहे.

‘ग्रेपवाइन’ ऐकून द्राक्षांचीच आठवण येईल, पण ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन’ म्हणजे कानोकानी आलेली बातमी. वेल एकच, अर्थाचा संबंध नाही.

बायबलमध्येही ‘सावर ग्रेप्स’ येतं, यिर्मया आणि यहेज्केल या पुस्तकांत. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, असा त्याचा आशय. तिथे मुद्दा आहे आईबापांच्या चुका पुढच्या पिढीने भोगण्याचा. इंग्रजी साहित्यात दात आंबल्याचा उल्लेख दिसला तर कोल्ह्याचा अर्थ लावू नका.

६. कुठे म्हणायचं, कुठे गप्प बसायचं

सावर ग्रेप्स हा आरोप आहे. ‘तुझं म्हणणं खरं नाही, तुला मिळालं नाही म्हणून तू असं बोलतोयस,’ असं तुम्ही समोरच्याला सांगताय. म्हणून वरिष्ठाला, ग्राहकाला किंवा कामाच्या मेलमध्ये कुणालाही असं लिहू नका. मित्रांत, अनौपचारिक बोलण्यात, लेखात, तिसऱ्या माणसाबद्दल चालतं.

यातला सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. समजा, एका निविदेत हरलेली कंपनी म्हणते की जिंकलेल्या कंपनीकडे अमुक प्रमाणपत्र नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘सावर ग्रेप्स!’ आणि विषय संपतो. हे चुकीचं आहे. हरलेला माणूस खरंही बोलू शकतो. प्रमाणपत्र आहे की नाही हे कागद बघून ठरतं, तक्रार करणारा हरला की जिंकला यावरून नाही. बढती नाकारलेल्या बाईने निवडीतली त्रुटी दाखवली तर तिचं तोंड बंद करायला हा शब्द वापरला जातो. तुम्ही वापरू नका, आणि तुमच्याबद्दल वापरला गेला तर शांतपणे पुरावा पुढे ठेवा. अशा वेळी कामी येणारं वाक्य: ‘धिस मे साउंड लाइक सावर ग्रेप्स, सो प्लीज लुक ॲट द डॉक्युमेंट्स.’

मुलाखतीत याची उलटी बाजू समोर येते. “त्या कंपनीत का नाही गेलात?” असा प्रश्न आला आणि खरं उत्तर ‘त्यांनी घेतलं नाही’ असं असेल, तर कंपनीला नावं ठेवलीत की समोरचा मनात ‘सावर ग्रेप्स’ अशी नोंद करतो. उत्तराचा क्रम असा ठेवा: मी अर्ज केला होता, निवड झाली नाही, त्यातून अमुक एक गोष्ट शिकलो. ‘आय अप्लाइड. आय वॉज नॉट सिलेक्टेड. आय लर्न्ट दॅट आय नीडेड मोअर प्रॅक्टिस इन ड्रॉइंग रीडिंग.’ कंपनीबद्दल एकही विशेषण नको. शेवटी ‘एनीवे’ तर मुळीच नको.

७. बागेत आणि वाइनरीत काम करणाऱ्यांनी

तुम्हाला खरोखरच्या आंबट द्राक्षांबद्दल बोलावं लागतं, म्हणून वेगळी काळजी घ्या. पाहुण्यांना जानेवारीत वेलीवरचा कच्चा घड दाखवताना ‘दीज आर सावर ग्रेप्स’ म्हटलंत तर इंग्रजी बोलणारे हसतील, आणि तुम्हाला कळणार नाही का. ‘दीज ग्रेप्स आर नॉट राइप येट’ किंवा ‘दीज आर स्टिल क्वाइट टार्ट’ असं म्हणा.

वाइनबद्दल तर ‘सावर’ शब्द टाळाच. ऐकणाऱ्याला वाइन बिघडून तिचा सिरका होत चाललाय असं वाटतं. सोव्हिन्याँ ब्लाँसारख्या पांढऱ्या वाइनमध्ये आम्लता मुद्दाम राखलेली असते. द्राक्ष पिकताना साखर चढते आणि मॅलिक आम्ल उतरतं, म्हणून आम्ल फार उतरायच्या आत तोडणी करतात. ही चव सांगायला ‘क्रिस्प’ किंवा ‘हाय ॲसिडिटी’ हे शब्द आहेत. चुकून तोंडातून ‘सावर ग्रेप्स’ निघालंच तर ‘नॉट द फॉक्सेस काइंड’ असं लगेच जोडा. चूक विनोद म्हणून खपून जाते.

८. ऐकताना आणि परीक्षेत ओळखा

इंग्रजी संभाषणात या खुणा दिसल्या की कान टवकारा: ‘एनीवे’, ‘आय नेव्हर रिअली वॉन्टेड इट’, ‘इट्स ओव्हररेटेड’, ‘नॉट वर्थ द ट्रबल’. मराठीतल्या खुणा तुम्हाला ठाऊकच आहेत: ‘नाहीतरी’, ‘तसंही’, ‘मला कुठं हवं होतं’, ‘बरंच झालं’. खूण म्हणजे पुरावा नव्हे. पायरी २ मधल्या तीन अटींना ती वाक्यं घासून बघा.

परीक्षेत अर्थाचे चार पर्याय दिले असतील तर ज्यात ‘मिळू न शकलेली गोष्ट’ आणि ‘तिला कमी लेखणं’ हे दोन्ही आहे तोच निवडा. ‘जेलसी’ हा पर्याय फसवण्यासाठी ठेवलेला असतो. ‘बिटरनेस’ही तसाच. आंबट आणि कडू एकत्र आठवतात म्हणून मुलं त्यावर खूण करून येतात.

९. सराव

रोज एक प्रसंग मराठीत लिहा, तीन अटी तपासा, मग इंग्रजी वाक्य करा आणि मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करा. सुरुवातीसाठी चार प्रसंग देतो. उत्तरं झाकून ठेवा.

क) गंगापूर रोडच्या फ्लॅटचं कर्ज नामंजूर झाल्यावर एकजण म्हणतो, “तो एरिया फार गजबजलेला झालाय, बरंच झालं.”
ख) पिंपळगावच्या एका शेतकऱ्याचा निर्यातीचा माल नाकारला गेला. तीन हंगामांचा खर्च आणि मिळालेला भाव वहीत दाखवून तो म्हणतो, “आपल्या बागेला निर्यात परवडत नाही.”
ग) कॅरम हरल्यावर भाऊ म्हणतो, “स्ट्रायकर हलका होता.”
घ) बहिणीने परदेशी नोकरीसाठी कधीच अर्ज केला नाही. ती म्हणते, “मला घर सोडून जायला आवडणार नाही.”

उत्तरं. क) सावर ग्रेप्स: ‘ही सेज द एरिया इज टू क्राउडेड, बट दॅट्स जस्ट सावर ग्रेप्स.’ ख) नाही. माल नाकारला गेला हे खरं, पण मत आकड्यांवर उभं आहे. ग) नाही, हे अंगण वाकडं. कॅरमलाच फालतू खेळ म्हणाला असता तर हो. घ) नाही. पहिलीच अट पुरी होत नाही. तिला ते नकोच होतं, आणि तिचं म्हणणं जसं आहे तसं ऐकून घ्यायचं.